घरचा सर्व्हर: बाहेरून कोणती दारं उघडी ठेवायची?

तारांगण विचारतात:

नमस्कार मंडळी. घरी जुना मिनी पीसी आहे: सहाव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि यूएसबीवर कायम जोडलेली ४ टीबीची डिस्क. त्यावर डेबियन १२ (लिनक्स) आणि डॉकर कंपोजने, म्हणजे वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, नेक्स्टक्लाउड (फाइली), इमिच (फोटो), जेलीफिन (चित्रपट-गाणी), व्हॉल्टवॉर्डन (बिटवॉर्डनच्या ॲपसाठी पासवर्डची तिजोरी). पुढे कॅडी (बाहेरची विनंती योग्य सेवेकडे पोचवणारा वेब सर्व्हर) बसवलाय. राउटरवर २२, ८०, ४४३, २२८३ आणि ८०९६ हे पोर्ट फॉरवर्ड केलेत.

पहिली अडचण: यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सचं फायरवॉल) फक्त २२, ८० आणि ४४३ ला परवानगी दिलीय, येणारं बाकी सगळं नाकारायचं असं सांगितलंय, स्टेटसही ‘ॲक्टिव्ह’ दाखवतं. तरी मोबाइल डेटावरून २२८३ वर इमिचचं लॉगिन पान सरळ उघडतं. हे कसं?

दुसरी: एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर आज्ञा चालवण्याची सोय, पोर्ट २२) लॉगमध्ये रूट, ॲडमिन, पाय, टेस्ट अशा नावांनी दिवसभर लॉगिनचे प्रयत्न चालू असतात. पोर्ट २२ चा २२२२ केला तर उपयोग होतो का? फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना बंदी घालणारा प्रोग्रॅम) टाकलं, पण एसएसएचडी जेलसाठी (त्यातला एसएसएचवर नजर ठेवणारा भाग) लॉग फाइल सापडत नाही अशी चूक दाखवून ते सुरूच होत नाही.

तिसरी: इंटरनेटवाल्यांचं म्हणणं आहे की पुढच्या महिन्यापासून सार्वजनिक आयपी मिळणार नाही, हवा असेल तर वेगळे पैसे. मग बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं कसं?

आणि बहीण अमेरिकेत, आई-बाबा गावाला. त्यांना फोटोंचे अल्बम दिसले पाहिजेत. त्यांच्या फोनवर व्हीपीएन लावून देणं जमण्यासारखं नाही.


काळी_खिडकी:

यूएफडब्ल्यूचं आधी सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

यूएफडब्ल्यूचे तुमचे नियम ‘इनपुट’ साखळीत बसतात, म्हणजे जे पॅकेट खुद्द या यंत्रासाठी आहे त्याला ते लागू होतात. कंपोज फाइलमध्ये ‘पोर्ट्स’खाली २२८३:२२८३ लिहिलं की डॉकर नॅटच्या (पॅकेटचे पत्ते बदलण्याच्या) तक्त्यात स्वतःचा नियम घालतो. तो नियम पॅकेट आत येताक्षणी त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा करतो, समजा १७२.१८.०.५. आता ते पॅकेट यंत्रासाठी उरलंच नाही. ते ‘फॉरवर्ड’ साखळीतून पुढे जातं आणि तिथे डॉकरने आपली परवानगी आधीच लिहून ठेवलेली असते. तुमच्या यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत ते पोचतच नाही. म्हणून स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ आणि दार सताड उघडं.

उपाय सोपा आहे. ती ओळ १२७.०.०.१:२२८३:२२८३ अशी करा. कॅडी त्याच यंत्रावर थेट चालत असेल तर त्याला एवढं पुरतं. कॅडीसुद्धा कंटेनरमध्ये असेल तर दोघांना एकाच डॉकर नेटवर्कवर घ्या आणि इमिचची ‘पोर्ट्स’ची ओळ काढूनच टाका, कॅडी कंटेनरच्या नावाने तिथे पोचतो. बदल केल्यावर ‘डॉकर कंपोज अप -डी’ चालवा. नुसतं ‘रिस्टार्ट’ केलं तर जुनाच कंटेनर जुन्याच पोर्टांसह उठतो आणि माणूस तासभर गोंधळतो.

मग ‘सुडो एसएस -टीयूएलपीएन’ चालवून पत्त्याचा रकाना वाचा. १२७.०.०.१ किंवा [::१] असेल तर ती सेवा यंत्रापुरती आहे. ०.०.०.०, [::] किंवा * दिसलं की ती सगळ्यांसाठी ऐकतेय. प्रत्येक ओळीला विचारा: ही बाहेर कशाला हवी? पोस्टग्रेसचा ५४३२ आणि रेडिसचा ६३७९ (दोन्ही डेटाबेस) तिथे दिसले तर आजच बंद करा. रेडिस पासवर्डशिवाय उघडा राहिला तर ‘किन्सिंग’सारखे क्रिप्टो नाणी खोदणारे मालवेअर त्यातूनच आत येतात, मग प्रोसेसर १००% वर आणि यादीत ‘केडेव्हटीएमपीएफएसआय’ नावाची प्रोसेस दिसते. कोणत्याही कंटेनरला डॉकरचं सॉकेट (डॉकरला आज्ञा देण्याची वाट) माउंट करून देऊ नका. ते सॉकेट हातात असणं म्हणजे यंत्राचा रूट (सर्वाधिकारी खातं) हातात असणं. कुणाला ‘डॉकर’ गटात टाकतानाही हे लक्षात असू द्या.

८०९६ तर आधी काढा. जेलीफिन त्या पोर्टवर साधं एचटीटीपी बोलतं, म्हणजे पासवर्ड वाटेत उघडा जातो.

आता एसएसएच. पोर्ट बदलल्याने लॉग शांत होतो, एवढाच फायदा. सगळे पोर्ट चाळणाऱ्याला २२२२ सापडायला कितीसा वेळ लागणार? माझं मत स्पष्ट आहे: घरच्या सर्व्हरचा एसएसएच इंटरनेटवर असूच नये. व्हीपीएनमधून आत या आणि मग एसएसएच करा. राउटरवरचं २२ चं फॉरवर्डिंग काढून टाका. १ जुलै २०२४ ला ‘रेग्रेशन’ नावाने ओळखली जाणारी ओपनएसएसएचची त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२४-६३८७. ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांना ती लागू होती, डेबियन १२ मधली ९.२ त्यातच. ती लॉगिनच्या आधीची त्रुटी होती, त्यामुळे पासवर्ड बंद करून किल्ली लावलेली असली तरी त्या वाटेला तिचा अटकाव नव्हता. ज्यांचा २२ बाहेरून बंद होता त्यांनी सावकाश अपडेट केलं. (डेबियन दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून देतो, त्यामुळे आजही तुम्हाला ९.२ च दिसेल. नुसत्या आकड्यावरून घाबरू नका, पॅकेज ताजं आहे की नाही ते बघा.)

घरातल्या घरात एसएसएच वापरायचा तरी किल्लीनेच. लॅपटॉपवर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’, तिला सांकेतिक वाक्य द्या, मग ‘एसएसएच-कॉपी-आयडी’. सर्व्हरवर डॉट-एसएसएच फोल्डर ७०० आणि त्यातली ऑथराइझ्ड-कीज फाइल ६०० असू द्या. परवानग्या सैल असतील तर एसएसएच किल्ली नाकारतो आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहितो. नंतर सेटिंगमध्ये पासवर्ड-ऑथेंटिकेशन ‘नो’, केबीडी-इंटरॲक्टिव्ह-ऑथेंटिकेशन ‘नो’, परमिट-रूट-लॉगिन ‘नो’, आणि अलाउ-युजर्समध्ये फक्त तुमचं नाव.

इथे एक फसगत आहे. डेबियनच्या मुख्य सेटिंग फाइलच्या अगदी वरच शेजारच्या ‘डॉट-डी’ फोल्डरातल्या फाइली वाचल्या जातात आणि एसएसएच प्रत्येक बाबतीत पहिली सापडलेली किंमत धरतो. त्या फोल्डरात एखाद्या फाइलने पासवर्ड ‘येस’ केला असेल, तर तुम्ही मुख्य फाइलमध्ये कितीही वेळा ‘नो’ लिहा, काही फरक पडत नाही. क्लाउडसाठीच्या तयार इमेजवर ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल नेमकी हेच करते. म्हणून फाइलवर विश्वास ठेवू नका. ‘सुडो एसएसएचडी -टी’ मधला टी मोठा लिहून चालवा आणि प्रत्यक्षात लागू असलेलं सेटिंग वाचा. लहान टीने फक्त व्याकरण तपासलं जातं. रिस्टार्ट करण्याआधी एक जोडणी चालू ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय हे बघा, मगच पहिली बंद करा.


रात्रपाळी:

वर सांगितलेल्यात भर घालतो, व्हीपीएन आणि आयपीबद्दल.

आधी सीजीनॅट (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटून देणं) आहे की नाही ते ओळखा. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडची बाजू) पानावरचा आयपी आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. वेगळे असतील आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग आयपीव्ही४ वर पोर्ट फॉरवर्डिंगचा काहीही उपयोग नाही, राउटरवर कितीही नियम लिहा.

पर्याय तीन. स्थिर आयपीचे पैसे भरा. किंवा आयपीव्ही६ मिळत असेल तर वायरगार्ड (स्वतः चालवायचं व्हीपीएन) थेट त्यावर चालवा. आपल्याकडच्या बहुतेक मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ असतंच, पण हॉटेल-ऑफिसच्या वायफायवर बऱ्याचदा नसतं, तिथे अडेल. तिसरा, टेलस्केलसारखी तयार व्हीपीएन सेवा. ती दोन्हीकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या वापरून मधली भिंत ओलांडते, घरी काहीही फॉरवर्ड करावं लागत नाही. तिच्यात यंत्राच्या किल्लीची मुदत मूळ सेटिंगनुसार १८० दिवस असते. सर्व्हरपुरती ती मुदत बंद करून ठेवा. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही परगावी असताना सर्व्हर नेटवर्कमधून गळेल आणि तो परत जोडण्याची खटपट करत बसावं लागेल.

स्वतःचं वायरगार्ड लावायचं तर राउटरवर एकच पोर्ट उघडा, यूडीपी ५१८२०. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथे काही आहे हे कळत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो ५.६ पासून आहे, डेबियन १२ वर फक्त ‘वायरगार्ड-टूल्स’ टाका. व्हीपीएनला १०.८.०.०/२४ घ्या, सर्व्हर १०.८.०.१, फोन .२, लॅपटॉप .३. प्रत्येक उपकरणाची वेगळी किल्ली, आणि ती त्या उपकरणावरच तयार करा. फोन हरवला तर सर्व्हरवरची त्याची एक नोंद काढली की विषय संपतो. सगळ्यांना एकच किल्ली दिली असेल तर सगळ्यांची बदलत बसावं लागतं.

लोक जिथे अडकतात ते असं:

फोनवर ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० लिहिलं की फोनचं सगळं इंटरनेट घरच्या लाइनवरून फिरतं. आपल्याला फक्त सर्व्हर हवाय, तेव्हा १०.८.०.०/२४ एवढंच पुरे.

घरचं नेटवर्क १९२.१६८.१.० वर असेल आणि कॅफेचंही तेच असेल, तर घरच्या नेटवर्कच्या पत्त्याने मागितलेलं पॅकेट कॅफेतच भटकतं. एकदाच कष्ट घ्या आणि घरचं १९२.१६८.४७.० असं काहीतरी करून टाका. किंवा सर्व्हरला कायम १०.८.०.१ नेच हाक मारा.

डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) वापरत असाल तर वायरगार्ड ते नाव जोडणी सुरू होताना एकदाच बघतो. घरचा आयपी मध्येच बदलला तर फोन जुन्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. बोगदा बंद करून चालू केला की सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आयपीव्ही६. आयपीव्ही४ वर राउटरचा नॅट नकळत भिंतीचं काम करत असतो. आयपीव्ही६ वर ती भिंत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला जगातून दिसेल असा पत्ता मिळतो, आणि मध्ये फक्त राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल असतं, तेही चालू असेल तर. तुम्ही कधी घरातल्या घरात फाइली बघायला ‘यूएफडब्ल्यू अलाउ ४४५’ केलंय का? ती एक आज्ञा दोन नियम घालते, एक व्ही४ चा आणि एक व्ही६ चा. मनात असतं की राउटर बाहेरच्यांना अडवेल, आणि साम्बा (फाइली वाटून देणारी सेवा, पोर्ट ४४५) व्ही६ वरून सगळ्या जगाला दिसत असतो. म्हणून नुसतं ‘अलाउ’ लिहू नका, कुठून ते लिहा: ‘यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.४७.०/२४ टू एनी पोर्ट ४४५’. एसएसएचलाही तसंच, घरचं नेटवर्क आणि १०.८.०.०/२४ दोन्ही लिहून.

राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. ते चालू असलं की घरातलं कुठलंही उपकरण, अगदी कॅमेऱ्याचा डीव्हीआरसुद्धा, न विचारता पोर्ट उघडून घेतं. डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) बंद, बाहेरून राउटरचं ॲडमिन पान उघडण्याची सोय बंद, आणि सोबत आलेला पासवर्ड बदललेला. २०१६ चं मिराय या मालवेअरचं जाळं कॅमेरे आणि डीव्हीआरच्या मूळ पासवर्डांवरच उभं राहिलं होतं. डीव्हीआर आणि स्मार्ट टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका, सर्व्हरच्या शेजारी नको.


बोरीबंदर:

दोघांशीही सहमत, पण मूळ प्रश्नातला शेवटचा भाग राहिला. आई-बाबा व्हीपीएन लावणार नाहीत, बहिणीलाही परक्या देशातून ते सांभाळत बसायला नको. तेव्हा ४४३ उघडा ठेवावाच लागेल. फक्त त्यामागे काय ठेवायचं ते ठरवा. सीजीनॅट आलं तर हा ४४३ सुद्धा बंद पडतो, तेव्हा बाहेरच्या लोकांना काही दाखवायचं असेल तर स्थिर आयपी घ्या, म्हणजे कटकट मिटेल.

व्हॉल्टवॉर्डन बाहेर ठेवू नका. बिटवॉर्डनची ॲप तिजोरीची कुलूपबंद प्रत फोनवरच ठेवतात, सर्व्हर दिसत नसला तरी पासवर्ड वाचता येतात. नवा पासवर्ड घालताना तेवढं व्हीपीएन लावा. नोंदणी बंद करा आणि ॲडमिन पान वापरत नसाल तर त्याचं टोकन रिकामंच ठेवा, म्हणजे ते पान उघडतच नाही.

अल्बमसाठी ‘इमिच पब्लिक प्रॉक्सी’ नावाचा छोटा प्रकल्प आहे. तो फक्त शेअर केलेले दुवे दाखवतो. इमिचचं लॉगिन पान किंवा एपीआय बाहेर येतच नाही. पुढे कॅडी, मागे तो, त्याच्या मागे इमिच. आई-बाबांना व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की झालं. दुव्याला मुदत आणि पासवर्ड दोन्ही लावता येतात.

नेक्स्टक्लाउड बाहेर ठेवायचाच असेल तर सगळ्यांना दुहेरी ओळख सक्तीची करा, आणि ‘ट्रस्टेड प्रॉक्सीज’ (पुढे उभ्या असलेल्या, विश्वासातल्या सर्व्हरची यादी) नीट भरा. ते भरलं नाही तर नेक्स्टक्लाउडला जगातला प्रत्येक माणूस कॅडीच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो. मग कुणी बॉटने चुकीचे पासवर्ड मारले की शिक्षा कॅडीच्या पत्त्याला होते, म्हणजे घरातल्या सगळ्यांना. लॉगिन २५ सेकंदांपर्यंत रेंगाळतं आणि लोक समजतात सर्व्हर मंद झालाय. उलट तिथे ०.०.०.०/० लिहिलं तर कुणीही खोटा पत्ता सांगून ती शिक्षा चुकवेल. फक्त कॅडीच्या डॉकर नेटवर्कचा पत्ता लिहा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कॅडी प्रमाणपत्र मिळवतो तेव्हा ते नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं. ‘फोटो.तुमचं-डोमेन’ नावाचं प्रमाणपत्र निघालं की काही मिनिटांत बॉट त्या नावाने दार वाजवायला लागतात. नाव अवघड ठेवून लपता येत नाही. ‘*.तुमचं-डोमेन’ असं एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेतलं तर आतली नावं नोंदवहीत जात नाहीत. त्यासाठी डीएनएसवरून पडताळणी लागते, म्हणजे तुमच्या डीएनएस सेवेचं प्लगइन घातलेला कॅडी आणि त्या एका डोमेनपुरतंच चालेल असं टोकन. अख्ख्या खात्याचं टोकन सर्व्हरवर ठेवू नका. ओळखीचं नाव न सांगता येणाऱ्याला कॅडीकडून ‘ॲबॉर्ट’ द्या.

क्लाउडफ्लेअर टनेल (त्यांच्या यंत्रांमधून घरच्या सर्व्हरपर्यंत येणारी वाट) कुणीतरी सुचवेलच. सीजीनॅटमागून वेबसाइट दाखवायला तो उत्तम चालतो, पण दोन गोष्टी ठाऊक असू द्या. एन्क्रिप्शन त्यांच्या यंत्रावर उघडतं, म्हणजे वाहतूक त्यांना वाचता येते. आणि मोफत योजनेत एका विनंतीत १०० एमबीपेक्षा जास्त चढवता येत नाही. इमिचमध्ये फोनवरचे मोठे व्हिडिओ तिथेच अडकतात आणि ॲप पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बॅटरी खातं. नुसते अल्बम दाखवायला चालेल, फोटो चढवायला वायरगार्ड.


तारांगण:

सगळ्यांचे आभार. २२, २२८३ आणि ८०९६ काढले, ‘एसएस’च्या यादीत आता कॅडी, वायरगार्ड आणि एसएसएच एवढंच बाहेरच्या पत्त्यावर दिसतंय. स्थिर आयपीचा अर्ज केला. फेल-टू-बॅन अजून उठत नाही. आणि यूएसबीवरच्या डिस्कवर रोज रात्री आरसिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालतं, बॅकअप म्हणून एवढं चालेल ना?


पोर्टनाका:

फेल-टू-बॅनचं कारण असं की डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइली लिहिणारा प्रोग्रॅम) मुळात येत नाही, त्यामुळे ‘ऑथ डॉट लॉग’ ही फाइलच नसते. सगळं सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातं. ‘पायथन३-सिस्टमडी’ पॅकेज टाका, ‘जेल डॉट लोकल’ फाइल करून एसएसएचडीच्या भागात ‘बॅकएंड = सिस्टमडी’ लिहा आणि सेवा रिस्टार्ट करा. ‘जेल डॉट कॉन्फ’ला हात लावू नका, अपडेटच्या वेळी तो बदल अडचणीत आणतो. मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको. मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका, मग १० मिनिटं बंदी असं असतं, आणि हल्लीचे बॉट शेकडो पत्त्यांवरून एकेक प्रयत्न करतात. तुमचा २२ आता बाहेरून बंद आहे, म्हणजे एसएसएचपुरतं त्याला कामच उरलं नाही.

बॅकअपचं उत्तर: नाही, चालणार नाही. कायम जोडलेली, कायम माउंट केलेली डिस्क ही दुसरी प्रत आहे, बॅकअप नव्हे. आत शिरलेला माणूस तीही पुसतो. तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत तर रात्री आरसिंक (पुसण्याचा पर्याय लावला असेल तर) तीच चूक इमानदारीने तिकडे उतरवतो. आणि विजेचा दणका आला तर दोन्ही एकाच बोर्डावर. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्का बाहेरूनच पुसल्या गेल्या. त्या उपकरणाला २०१५ नंतर फर्मवेअर अपडेटच आलेलं नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅपच्या साठवण-पेट्यांवर डेडबोल्ट या मालवेअरने फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. ज्यांची एक प्रत घराबाहेर होती त्यांना पैसे भरायची गरज पडली नाही.

रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरा. गावच्या घरी एखादा छोटा संगणक आणि डिस्क ठेवा, तिथे ‘रेस्ट-सर्व्हर’ हा ‘अपेंड-ओन्ली’ पर्यायासह चालवा आणि दोन्ही यंत्रं वायरगार्डने जोडा. अशा वेळी घरचा सर्व्हर नवीन प्रत लिहू शकतो, जुनी पुसू शकत नाही. जुन्या प्रतींची छाटणी गावच्या यंत्रावरूनच करायची. पहिली प्रत घरीच डिस्क जोडून करा आणि मग डिस्क गावी न्या. २० एमबीपीएसच्या अपलोडवर १ टीबी चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली कॉपी करू नका, ती प्रत उठेलच याची खात्री नसते. इमिच आणि नेक्स्टक्लाउड दोन्हींचा पोस्टग्रेस डंप (डेटाबेसमधला मजकूर एका फाइलीत उतरवणं) आधी काढा, मग रेस्टिक. नेक्स्टक्लाउड तेवढा वेळ मेंटेनन्स मोडमध्ये ठेवा, आणि स्क्रिप्ट मध्येच पडली तरी तो मोड उतरेल अशी सोय करा.

रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून घराबाहेर ठेवा. तो फक्त व्हॉल्टवॉर्डनमध्ये असेल आणि व्हॉल्टवॉर्डन फक्त बॅकअपमध्ये असेल, तर किल्ली तिजोरीत आणि तिजोरी बंद. दर महिन्याला ‘रेस्टिक चेक’ ५% डेटा वाचून करा, आणि तीन महिन्यांतून एकदा एखादा अल्बम आणि एक डंप खरोखर परत आणून उघडून बघा. डंप रिकाम्या पोस्टग्रेस कंटेनरमध्ये चढवून बघायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

अपडेटचं म्हणाल तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ टाका. डेबियनची सुरक्षा अपडेट तो रोज आपणहून घेतो, पण कर्नल बदलल्यावर रीबूट करत नाही; ते सेटिंग मूळचं बंद असतं. स्वयंचलित रीबूट चालू करून पहाटे ४:३० ची वेळ द्या. डॉकर तुम्ही डॉकरच्या स्वतःच्या भांडारातून घेतला असेल तर तो या यादीत येत नाही, वेगळा घालावा लागतो. डॉकर इंजिन २८ च्या आधीच्या आवृत्त्यांत १२७.०.०.१ ला बांधलेल्या पोर्टपर्यंतही त्याच लॅनवरच्या यंत्राला पोचता येत होतं, तेव्हा ते अपडेट टाळू नका.

कंटेनरच्या इमेज तर कुणीच आपणहून बदलत नाही. त्यांना ‘लेटेस्ट’ची शेपटी नको, आकडा लिहा, आणि महिन्यातला एक रविवार ठरवून बदलसूची वाचून पुढे जा. नेक्स्टक्लाउड मोठी आवृत्ती गाळून उडी मारू देत नाही. २८ वरून ३० ला जायचं तर २९ मधूनच जावं लागतं. दोन वर्षं अपडेट केलं नाही की एका बैठकीत चार पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणूनच दर महिन्याला.

विजेचा मुद्दा सुरक्षेचाच समजा. यूपीएसवर सर्व्हरच नव्हे, राउटर आणि फायबरची डबीही जोडा, आणि ‘नट’ (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) लावून बॅटरी उतरली की सर्व्हर नीट बंद होईल असं करा. चोरीची भीती असेल तर डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करण्याची पद्धत) एन्क्रिप्ट करा, पण अख्खी सिस्टम केली तर पहाटेच्या रीबूटनंतर सर्व्हर पासवर्डची वाट बघत बसून राहील. फक्त डेटाची डिस्क एन्क्रिप्ट करा. सिस्टम उठते, वायरगार्ड उठतो, मग तुम्ही एसएसएचने येऊन डेटाची डिस्क उघडता आणि कंटेनर सुरू करता. डिस्क उघडली नसताना कंटेनर आपोआप उठणार नाहीत याची काळजी घ्या, नाहीतर इमिच रिकाम्या फोल्डरात नवा संसार मांडतो.


तारांगण:

बॅकएंड बदलल्यावर फेल-टू-बॅन उठलं. गावच्या यंत्राची तयारी करतो. आता एकच: आयपीव्ही६ वरून खरंच काही उघडं नाही हे घरबसल्या कसं तपासू?


रात्रपाळी:

घरच्या वायफायवरून तपासू नका, ते आतूनच बघितल्यासारखं होतं. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या, वायरगार्ड बंद ठेवा. सर्व्हरवर ‘आयपी -६ ॲड्रेस’ चालवून २ ने सुरू होणारा ग्लोबल पत्ता उतरवून घ्या. एफई८० ने सुरू होणारा नको, तो फक्त घरातला असतो. मग लॅपटॉपवरून एनमॅप (पोर्ट चाळणारा प्रोग्रॅम) चालवा: ‘एनमॅप -पीएन -६ -पी-’ आणि तो पत्ता. ‘पीएन’ नसेल तर पिंगला उत्तर आलं नाही म्हणून एनमॅप यंत्रच बंद आहे असं ठरवून मोकळा होतो आणि तुम्हाला खोटं समाधान मिळतं.

तुमच्या बाबतीत ८० आणि ४४३ ‘ओपन’, बाकी सगळे ‘फिल्टर्ड’ दिसले पाहिजेत. एखादा ‘क्लोज्ड’ दिसला तर तिथे सेवा नाही, पण पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलं आहे. म्हणजे राउटरचं आयपीव्ही६ फायरवॉल झोपलंय आणि यूएफडब्ल्यूमध्येही त्याला वाट आहे. पूर्ण ६५,५३५ पोर्ट चाळायला मोबाइल डेटावर बराच वेळ जातो, रात्री लावून ठेवा. वायरगार्ड यात दिसणार नाही, तो यूडीपीवर आहे आणि अनोळख्याला उत्तर देत नाही.

हेच ‘-६’ न लावता सार्वजनिक आयपीव्ही४ वरही करा. डीव्हीआर आणि टीव्हीचे व्ही६ पत्तेही एकदा तपासा; उघडं काही सापडलं तर ते तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. आणि राउटरचं फर्मवेअर बदललं किंवा कंपनीचा माणूस येऊन त्याने राउटर रीसेट केला, की यूपीएनपी आणि आयपीव्ही६ फायरवॉल पुन्हा बघा. रीसेटनंतर ती दोन्ही सेटिंगं मूळपदावर जातात.